अठरावा कुणाकडे?

अध्यक्ष व्हायला कुणीच तयार नव्हतं. केलंच तर नाही म्हणायचं नाही, एवढी तयारी मात्र सगळ्याजणी घरूनच करून आल्या होत्या. एकीने आभाराचं भाषणही पाठ केलेलं असावं, कारण नाव दुसरीचं निघाल्यावर तिचे ओठ जरा वेळ नुसतेच हलत राहिले.

जागा सोमेश्वरनगर, आमच्या वसाहतीतलं देऊळ. वेळ कार्तिकी एकादशीची, हरिपाठ संपल्यावरची. आमच्या हरिपाठाला येणाऱ्या निम्म्या बायका नामाच्या वह्या लिहितात. वहीत बारीक चौकटी छापलेल्या असतात, एका चौकटीत एकदा नाव. डाळ शिजेपर्यंत अर्धं पान होतं, डाळ करपली तर पाऊण. त्या दिवशी वही मिटता मिटता कुणीतरी म्हणालं, "तेच तेच किती दिवस लिहायचं? सगळ्या मिळून ज्ञानेश्वरी लिहू या की. हातानं. पालखीच्या आत पुरी करायची."

पालखी म्हणजे सोपानकाकांची. माऊलींची पालखी वाल्हे, नीरा, लोणंद अशी एका अंगाने निघून जाते. तुकोबांची बारामती, सणसर, इंदापूर अशी दुसऱ्या अंगाने. टीव्हीवर दिसतात त्या या दोन. आमच्या दाराशी येते ती सासवडहून निघालेली धाकट्या भावाची. थोरल्या भावाचा ग्रंथ धाकट्याच्या पादुकांना लावायचा, ही कल्पना ऐकल्यावर दोघीतिघींचे डोळे भरून आले. डोळे पुसून झाल्यावर लगेच पुढचा प्रश्न आला: मग अध्यक्ष कोण?

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. बारामती-इंदापूर भागात साखर कारखाना नुसती साखर करत नाही, गाव करतो. रानात धुराडं उभं राहिलं की पाठोपाठ एक नगर उभं राहतं. सोमेश्वरचं सोमेश्वरनगर, माळेगावचं शिवनगर, छत्रपतीचं भवानीनगर, इंदापूरकडे नीरा-भीमाचं शहाजीनगर. आमचा सोमेश्वर म्हणजे करंज्याचा महादेव, श्रावणी सोमवारी गर्दी खेचणारा. पण नगरात वाढलेल्या माणसाला देवाच्या आधी संचालक मंडळ कळतं. भिशी काढा, हळदीकुंकू करा, नाही तर चौघींनी मिळून शेवया करा, पहिल्यांदा पॅनेल पडतं. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात कायद्याने जास्तीत जास्त २१ जण आणि त्यात बायकांना राखीव जागा दोन. आम्ही १८ जणी होतो. आम्ही पुरुषांना एकही जागा ठेवली नाही. पुढे वह्यांचे गठ्ठे उचलायची वेळ आली तेव्हा दोन नवरे 'स्वीकृत' म्हणून घेतले, मताचा अधिकार न देता.

अध्यक्षपद मोठ्या काकूंकडे गेलं. "आपण सगळ्या सारख्याच" असं त्या प्रत्येक बैठकीत सांगतात, आणि देवळातल्या एकुलत्या एक हाताच्या खुर्चीत बसून सांगतात. उपाध्यक्षा दोन, कारण एकच केली असती तर दुसरीने हरिपाठ सोडला असता. मग खजिनदार, सहखजिनदार, शुद्धलेखन प्रमुख, वही प्रमुख, शाई प्रमुख, चहा प्रमुख. उरलेल्या सगळ्या सल्लागार. नुसती सदस्य म्हणून कुणी उरली नाही. नेतृत्व करायला सतराजणी आणि मागे चालायला कुणीच नाही, हे मोजून माझ्या लक्षात आलं, कारण तोवर मी चिटणीस झाले होते.

मी चिटणीस कशी झाले ते सांगते, म्हणजे वाचकांपैकी एखादी वाचेल. मी एवढंच विचारलं, "हे सगळं लिहून कोण ठेवणार?" सतरा माना माझ्याकडे वळल्या. अशा मंडळात प्रश्न विचारू नये. प्रश्न हाच अर्ज समजला जातो.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर मी छान अक्षरात 'मंडळाचे नाव' असं लिहिलं आणि पुढे जागा सोडली. तीन नावं आली. तिन्हींच्या बाजूने तीन-तीन मैत्रिणी. नावासाठी पोटसमिती नेमली. ती जागा आजही कोरी आहे.

खरा पेच वाटपाला आला. अध्याय १८ आणि बायका १८, तेव्हा देवानेच हिशेब घालून दिलाय असं सगळ्यांना वाटलं. मी घरी जाऊन ओव्या मोजल्या. सगळ्या मिळून ९,०००च्या वर, म्हणजे जणी सरासरी ५००. पण ज्ञानेश्वरी सरासरीने लिहिलेली नाही. पाचव्या अध्यायात १८० ओव्या आहेत आणि अठराव्यात १,८००च्या घरात. दहापट! हा आकडा मी बैठकीत वाचून दाखवला, ती माझी दुसरी चूक. त्या क्षणापासून पाचव्या अध्यायावर वसाहतीची श्रद्धा बसली. एकीच्या सासूबाई रोज पाचवाच वाचायच्या. दुसरीला स्वप्नात पाचचा आकडा दिसला होता. तिसरी पाचवी बहीण होती.

शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. त्याआधी मोठ्या काकूंनी शांतपणे सांगितलं की बारावा चिठ्ठीत घालू नका, भक्तियोग आहे, तो अध्यक्षांचा मान. बाराव्यात २४७ ओव्या. राखीव जागा म्हणजे काय, हे आम्हाला त्या दिवशी पुरतं कळलं. उरलेल्या सतरा चिठ्ठ्या पोळ्यांच्या डब्यात घातल्या, एका लहान मुलाकडून काढून घेतल्या, आणि अठरावा निघाला त्या दिवशी फलटणला माहेरी गेलेल्या वहिनीच्या नावावर. अवघड काम गैरहजर माणसालाच मिळतं, हा काही योगायोग नसतो. पण इथे चिठ्ठी खरोखरच निघाली, मी साक्षीला आहे. वहिनी परत आल्या, त्यांनी पोथी उघडली, अठराव्याची जाडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "सगळा ऊस माझ्या एकटीच्याच रानात लावलाय होय?"

मग अठराव्याची गुंठेवारी झाली. शंभर-शंभर ओव्यांचे तुकडे, प्रत्येकीच्या वाट्याला एक. अठराव्याचा सातबारा माझ्याकडे. पुढचे सात महिने मला रस्त्यात, पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या रांगेत एकच प्रश्न विचारला गेला: "अठरावा कुणाकडे?" कारण तुकडे एकमेकींकडे फिरायचे. एकीच्या घरी लग्न निघायचं, ती आपला तुकडा बहिणीला द्यायची. दुसरी तिसरीशी अबोला धरायची आणि मधल्या पन्नास ओव्या नेमक्या अबोल्यात अडकायच्या.

पाचवा जिला मिळाला तिने तो दहा दिवसांत संपवला. आणि हे सर्वांत वाईट झालं. काम संपलेली बाई ही कुठल्याही मंडळातली सर्वांत धोक्याची बाई. ती संध्याकाळी शतपावलीला निघायची आणि दारादारात थांबून विचारायची, "तुझं कुठवर आलं गं?" तक्रारी फार वाढल्या, तेव्हा मोठ्या काकूंनी तिला 'प्रगती अहवाल प्रमुख' केलं. तिचं फिरणं बंद होईल असा त्यांचा अंदाज होता. ती वही-पेन घेऊन फिरू लागली.

शुद्धलेखन मास्तरीणबाईंकडे होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं लाल पेन वापरलेली बाई. पहिल्या पंधरवड्याच्या वह्या तपासून परत आल्या, तेव्हा प्रत्येक पान लालेलाल. 'जैसें', 'तैसें', 'कां', सगळ्यांवरचे अनुस्वार खोडलेले. मी जपून म्हटलं, "बाई, हे पोथीतच असं आहे." त्या म्हणाल्या, "असेल. पण १९६२च्या नियमांनी हे अनुस्वार गेलेत." साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मोजले तर तेही अठराच, पहिले चौदा १९६२चे आणि चार १९७२चे, आणि बाईंना अठराही तोंडपाठ. माऊलींचा ग्रंथ शके १२१२चा आहे, त्यांना हे नियम कसे लागू होणार, यावर बाईंनी विचार केला आणि निर्णय दिला की पहिल्या चुकीला माफ करावं. माऊली पास झाले. नवव्या अध्यायाच्या शेवटी तरीही सवयीने 'छान! अक्षर सुधारा' असा शेरा पडलाच. तो ज्ञानेश्वरांना होता की लिहिणारीला, हे बाईंनी सांगितलं नाही.

माझी चूक याहून मोठी. माझ्याकडे चौदावा. एका रात्री, नवरा रात्रपाळीला गेलेला, पोरं झोपलेली, मी एकाग्र होऊन लिहीत होते आणि आईचा फोन आला. फोन खांद्यात धरून हात चालू ठेवला. सकाळी पाहते तो एका ओवीच्या पोटात स्वच्छ अक्षरात 'दीड किलो शेंगदाणे'. आता काय करायचं? पोथीत खाडाखोड म्हणजे पाप. व्हाइटनर लावावा तर शाई प्रमुख म्हणाल्या की त्यात काय काय असतं कुणाला ठाऊक, सोवळ्यात बसेल का? पान फाडावं तर पाठच्या बाजूला पुढच्या ओव्या उतरलेल्या. या एका विषयावर आमची पावणेदोन तासांची बैठक झाली. ज्ञानेश्वरी लिहावी का, हे ठरवायला चार मिनिटं लागली होती. शेवटी वरून तेवढाच कागद चिकटवायचा ठराव झाला.

त्या रात्री मला एकनाथ महाराज कळले. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे शाळेत एका मार्काला होतं. तीनशे वर्षं लोक उतरवत आले, पाठ बिघडत गेले, नाथांनी बसून ते निवडले. वर बजावलं की या ग्रंथात कुणी आपली ओवी घुसडली तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. त्यांच्यासमोर आलेल्या प्रतींत किती जणींच्या वाणसामानाच्या याद्या असतील, याचा विचार करून मला नाथांची दया आली.

पैशांचा विषय चटकन संपवते. वर्गणी जणी ५० रुपये, जमा ९००. खर्चाच्या हिशेबात ११ रुपये कमी आले. खजिनदार वहिनींनी बोलणी नकोत म्हणून स्वतःचे घातले. पुढच्या बैठकीत सहखजिनदारांनीही तेवढ्यासाठीच स्वतःचे ११ घातल्याचं निघालं, आणि ११ रुपये जास्त भरले. जास्त भरल्याची चौकशी अजून चालू आहे.

बैठकांविषयी एक गोष्ट मी सात महिन्यांत शिकले. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत विषय पुकारला की 'मंजूर, मंजूर' असा गलका होतो. आमच्याकडे गलका नसतो. विषय मांडला की सगळ्या "बरं" म्हणतात. हे 'बरं' म्हणजे होकार नव्हे, ऐकल्याची पोच. खरी बैठक उठल्यावर, देवळाच्या पायरीवर, चपला घालताना होते. एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशा अवस्थेत आमच्या मंडळाचे सगळे मोठे निर्णय झालेत. इतिवृत्त लिहिणारी मी तोवर आत सतरंजी गोळा करत असे, त्यामुळे माझ्या नोंदवहीत ठराव एक आणि गावात अंमल दुसऱ्याचाच.

ज्येष्ठ लागला. पालखीपुढे दोन शब्द बोलायचे ठरलं, आणि प्रास्ताविक चिटणीसांनीच लिहायचं. "अभ्यासपूर्ण पाहिजे," मोठ्या काकू म्हणाल्या, "पण दोन मिनिटांत." मी चार रात्री बसले. महानुभावांची महदाइसा घेतली, तेराव्या शतकात धवळे रचणारी, मराठीतली पहिली कवयित्री. जनाबाई घेतली. जनी सांगायची आणि विठ्ठल लिहून घ्यायचा, असं परंपरा मानते. म्हणजे बायकांच्या लेखन मंडळाचा पहिला बिनपगारी चिटणीस प्रत्यक्ष पांडुरंग, हा माझा स्वतःचा शोध. लक्ष्मीबाई टिळक घेतल्या. 'ख्रिस्तायन' टिळकांनी सुरू केलं, ते गेले, आणि उरलेलं लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. पुरुषाने हौसेने काढलेलं काम शेवटी कोण तडीला नेतं, यावर मी एक वाक्य टाकलं होतं. पंडिता रमाबाईही घेतल्या, कारण त्या इथल्याच म्हणायच्या, दौंड तालुक्यातल्या केडगावच्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच खिळे जुळवले, बायकांनीच छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या, त्याआधी काम हातावेगळं केलं होतं.

बैठक चक्क गप्प झाली. मग खजिनदार वहिनी म्हणाल्या, "एवढा कागद आणला कुठनं त्यांनी? उधारीवर?" मला ठाऊक नव्हतं. "आणि हिशेब कोण बघायचं?" तेही ठाऊक नव्हतं. माझा अभ्यास कच्चा आहे, यावर एकमत झालं.

मी शेवटचा पत्ता टाकला. मोरोपंत, आपल्या बारामतीचे! बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिले, एकट्याने १०८ रामायणं लिहिली असं सांगतात. कुणी अध्यक्ष नाही, पोटसमिती नाही. त्यातलं एक तर निरोष्ठ रामायण, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटणारी अक्षरंच त्यात नाहीत. ओठाला ओठ लागत नाही.

"आपल्या बैठकीसारखं," वही प्रमुख म्हणाल्या.

अक्का कोपऱ्यात बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, सल्लागार. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. नामाच्या वहीसाठी म्हणून त्या म्हातारपणी दोनच अक्षरं शिकल्या, रा आणि म, आणि तेवढ्यावर अकरा वह्या भरल्या. त्यांच्या वाटचा अध्याय काकडे महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या नातीने लिहिला, आणि नात सभासद नसल्यामुळे हा बाहेरचा ऊस चालतो का, यावर वेगळी चर्चा झाली होती ती झालीच. अक्का म्हणाल्या, "म न्हाय, मंग राम कसा ल्हिला?" नाही लिहिता येत, मी म्हटलं, दुसरं नाव वापरावं लागतं. अक्कांनी जरा विचार केला. "मंग त्यात माझं काय काम न्हाय," म्हणाल्या.

प्रास्ताविकातून महदाइसा, जनाबाई, लक्ष्मीबाई, रमाबाई आणि मोरोपंत वेळेअभावी गळाले. राहिली पदाधिकाऱ्यांची अठरा नावं, पदांसह.

लेखन संपत आलं आणि शेवटच्या आठवड्यात अठराव्याने पुन्हा उसळी मारली. ज्या अध्यायापासून सात महिने सगळ्या पळत होत्या, त्याच्याच शेवटाला पसायदान आहे, हे एकदम सगळ्यांना आठवलं. ते मात्र प्रत्येकीला हवं होतं. ज्या शेवटच्या तुकड्यात ते येत होतं, तो फलटणच्या वहिनींकडे. त्यांनी तो सहा महिने जपून ठेवला होता, हे तेव्हा उघड झालं. मोठ्या काकू म्हणाल्या की पसायदान अध्यक्षांनी लिहायची पद्धत आहे. "बारावा घेतलात की," वहिनी म्हणाल्या. खुर्ची करकरली.

त्या बैठकीत हिशेब केला तो खजिनदारांनी. पसायदानाच्या ओव्या नऊ. ओवीचे चरण चार धरले तर छत्तीस. बायका अठरा. जणी दोन चरण. सात महिन्यांत आमच्या मंडळात शिल्लक न उरलेला आणि कमीही न पडलेला असा हा एकच हिशेब. तरी एकीने हात वर केलाच: ज्ञानेश्वरीची ओवी साडेतीन चरणांची, चौथा अर्धाच असतो, मग तो जिच्या वाट्याला येईल तिच्यावर अन्याय नाही का? तिला मोठ्या काकूंनी गप्प केलं, आणि त्या दिवशी मला पटलं की त्या अध्यक्ष का आहेत.

लिहायला सगळ्या देवळात जमल्या. पेन एकच, हातोहात फिरलं. अक्कांना नातीने पेन्सिलने अक्षरं काढून दिली होती, त्यांवरून त्यांनी शाई फिरवली. दोन चरणांना वीस मिनिटं लागली. इतका वेळ कुणी बोललं नाही, आणि इतिवृत्तात मी ते नोंदवून ठेवलंय.

पालखी आली, ग्रंथ लाल फडक्यात बांधून पादुकांना लावला, माझं प्रास्ताविक लाउडस्पीकर बंद पडल्यामुळे पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी पालखी कोऱ्हाळ्याकडे गेली आणि संध्याकाळी चपला घालताना ठरलं की पुढच्या वर्षी तुकोबांची गाथा घ्यायची. अभंग साडेचार हजारांच्या घरात आहेत. कुठला अभंग किती कडव्यांचा, हे मी मोजलेलं नाही आणि या वेळी कुणाला सांगणारही नाही.

ग्रंथ मोठ्या काकूंच्या कपाटात आहे. कधीही या, चपला काढा, वाचा, त्या चहाही देतील. फक्त चौदाव्या अध्यायात एक पान हाताला जाड लागेल, ते उजेडाला धरू नका. ते शेंगदाणे माऊलींनी सांगितलेले नाहीत.